‘आढळले’, पण किती?

‘मृतदेहाचा व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ बातमीच्या शेवटी हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. त्याच्या पुढचं वाक्य कधी वाचलंय का? त्या व्हिसेऱ्यात काय निघालं, किती महिन्यांनी निघालं, त्यावरून कुणाला काय कळलं, याची बातमी मला तरी आठवत नाही. आमच्याच घरातल्या माणसाचा व्हिसेरा राखून ठेवला गेला नसता, तर मीही हा प्रश्न विचारला नसता.

मी बी.फार्म. आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, पप्पा आणि मी मिळून चालवतो. माझी मावशी गावातच, दोन गल्ल्या सोडून राहायची. वय ५८, पंधरा वर्षांचा डायबिटीस, झिजलेले गुडघे, तळपायांची आग, आणि त्यामुळे रात्रभर झोप नाही. एका सकाळी ती उठलीच नाही.

नेहमीचे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “मला दाखला देता येणार नाही.” त्यांचं बरोबरच होतं. आदल्या रात्री नऊ वाजता धडधाकट जेवलेली बाई सकाळी गेलेली असेल, तर कारण माहीत नसताना ‘हृदयविकार’ लिहून मोकळं होणं चूकच. मग पोलीस आले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. कागदावर कारणाच्या जागी लिहिलं होतं : मत राखून ठेवले आहे, सी.ए. रिपोर्ट आल्यावर कळवू. माझ्या मावसभावाला, दादाला, पहिले दोन दिवस वाटत होतं की हा चार्टर्ड अकाउंटंटचा काहीतरी कागद आहे. सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक, हे मी त्याला सांगितलं.

तो रिपोर्ट १४ महिन्यांनी आला. एक पान, इंग्रजीत. त्याचा मराठीत सारांश एका ओळीचा : ट्रॅमाडॉल आणि अमिट्रिप्टिलिन आढळले. किती आढळले, ते नाही. रक्तात किती, यकृतात किती, तेही नाही. त्यावरून अंतिम मत आलं, ‘औषधांमुळे विषबाधा’. पोलीस ठाण्यात कागद हातात देताना हवालदारसाहेब हळू आवाजात दादाला म्हणाले, “गोळ्या खाल्ल्या म्हणायच्या आईंनी.”

माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे : ‘आढळले’. डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधानं माणूस दगावतो तेव्हा ‘आढळले’ हे उत्तर होऊच शकत नाही. किती होतं, शरीरात कुठे होतं आणि आणखी कशासोबत होतं, हे सांगत नसाल तर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. उलट, घरच्यांच्या कपाळी एक खोटं उत्तर मारलंय.

औषध घेतलं

आपल्याकडे या प्रकरणात भाषाही मध्ये येते. खेडेगावात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. “त्यानं औषध घेतलं” असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं, कुठल्या शेतात, किती कर्ज, सगळं. मावशीबद्दल “औषधानं गेली” असं दादा एकदाच चुलत्याला बोलला आणि आठवड्याभरात गावानं त्याचं “औषध घेतलं” करून टाकलं. सून कशी वागवत होती, याची चर्चा सुरू झाली. वहिनीनं सहा महिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं.

मावशीनं आत्महत्या केली असती तर ती लाजेची गोष्ट होती, असं माझं म्हणणं नाही. तसं असतं तर आम्ही रडलो असतो, आपलं कुठे चुकलं ते शोधलं असतं. पण तसं होतं की नव्हतं, हे सांगू शकणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे तिचं शरीर. आणि त्या शरीराला नीट प्रश्नच विचारला गेला नाही.

आमच्या व्यवस्थेची सवयही ‘औषध घेतलं’ याच अर्थाची आहे. आपल्या विषशास्त्राचा रोजचा गिऱ्हाईक म्हणजे फवारणीचं औषध, उंदरांचं औषध, धान्यातल्या गोळ्या. ही विषं माणसाच्या पोटात असण्याचं काही कारणच नसतं. ती सापडली की प्रश्न संपतो, आणि तिथे ‘आढळले’ हा शब्द पुरतो. आर्सेनिकसाठी तो १८३६ साली पुरला, जेम्स मार्शनं त्याची चाचणी शोधली तेव्हा. निकोटिनसाठी १८५० साली पुरला. बेल्जियममध्ये एका काउंटनं आपल्या मेव्हण्याला निकोटिन पाजून मारलं होतं आणि जाँ सर्वे स्टास या रसायनशास्त्रज्ञानं मृताच्या अवयवांतून ते वेगळं काढून दाखवलं. अवयवांतून विष काढायची त्याची पद्धत पुढे सुधारून जगभर वापरली गेली, आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवतात.

पण ज्या बाईला डॉक्टरनं रोज ट्रॅमाडॉल लिहून दिलंय, तिच्या अंगात ट्रॅमाडॉल सापडणं ही बातमी नाही. न सापडलं असतं तर बातमी झाली असती. विसाव्या शतकात विष बाटलीतून पाकिटात आलं, चिठ्ठीवर आलं, आणि तेव्हाच ‘आहे की नाही’ हा प्रश्न जुना झाला. आपण मात्र अजून तोच विचारतोय.

बरणीत काय गेलं

शवविच्छेदनात विषाचा संशय असेल तर ठरलेले अवयव काढतात : जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी मीठ विरघळणारच नाही इतक्या खारट पाण्यात, बरणीत घालून सील करतात. रक्त वेगळ्या बाटलीत. त्या रक्तात सोडियम फ्लोराइड घालायचं असतं, म्हणजे जंतूंमुळे आणि रक्तातल्या विकरांमुळे ते बिघडत नाही. पाठ्यपुस्तकात हे सगळं आहे, काही नवीन नाही.

बरणीसोबत एक फॉर्म जातो. प्रयोगशाळेतल्या माणसाला मृताबद्दल जे काही कळणार, ते या फॉर्मवरून. मावशीच्या फॉर्मची नक्कल आम्ही नंतर मिळवली. ‘आजाराचा पूर्वेतिहास’ या रकान्यात एक शब्द : डायबिटीस. ‘घेतलेली औषधे’ या रकान्यात : माहीत नाही.

माहीत नाही? घरात तिच्या उशाशी प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं ट्रॅमाडॉल, पायांच्या आगीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, झोपेसाठी तिसऱ्यांनी दिलेलं अल्प्राझोलम. त्याच पिशवीत दोन महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकायला लागलेली. पंचनाम्यात त्या पिशवीचं वर्णन ‘काही गोळ्यांची अर्धवट पाकिटे’ एवढंच आहे. नाव नाही, संख्या नाही. तेराव्यापूर्वी घर आवरताना कुणीतरी पिशवी टाकून दिली.

आता पंचनामा लिहिणाऱ्या माणसाला नावं ठेवण्याआधी माझ्या काउंटरकडे बघा. आम्ही दहाच्या पाकिटातून चार गोळ्या मागितल्या की कात्रीनं चार कापून देतो. औषधाचं नाव, कंपनी, मुदत ज्या बाजूला छापलेली, ती बहुतेक वेळा आमच्याकडे राहते. गिऱ्हाईकाच्या हातात उरतो नुसता चंदेरी तुकडा. असा तुकडा पंचनाम्यात कुणी कसा ओळखायचा?

किती, कुठून, कशासोबत

थोडं विज्ञान सांगते, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे.

पहिली गोष्ट, माणूस गेल्यावर औषध शरीरात जागच्या जागी राहत नाही. जिवंतपणी यकृतात, फुप्फुसात, हृदयाच्या स्नायूत साठलेली काही औषधं मृत्यूनंतर तिथून झिरपून शेजारच्या रक्तात उतरतात. अमिट्रिप्टिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं यासाठी प्रसिद्ध आहेत, हृदयविकारात देतात ते डिजॉक्सिनही. त्यामुळे हृदयातून घेतलेल्या रक्तात मात्रा मृत्यूच्या वेळी होती त्याहून कितीतरी जास्त दिसू शकते. म्हणून जगभरचे विषशास्त्रज्ञ मांडीच्या शिरेतलं रक्त मागतात, कारण ते या अवयवांपासून लांब असतं. डोळ्याच्या बुबुळामागचं द्रवही उपयोगी पडतं, कारण ते बंद कप्प्यात असतं आणि उशिरा बिघडतं. नुसत्या ‘रक्त’ अशा लेबलवरून ते कुठून काढलंय हे कळत नसेल, तर पुढे कितीही महागडं यंत्र वापरा, निघालेल्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही. मावशी अल्प्राझोलम घेत होती हे मला पक्कं माहीत आहे. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही. हे औषध मिलिग्रॅमच्या अंशात घ्यायचं असतं, शरीरात ते अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं. काचेच्या पट्टीवर डाग चढवून तो ओळखीच्या डागाशी ताडून बघायच्या जुन्या पद्धतीतून ते सहज निसटतं. त्यासाठी एलसी-एमएससारखं यंत्र लागतं, जे रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखतं. मग मावशीच्या बाबतीत ते शोधलं आणि सापडलं नाही, की शोधलंच नाही? रिपोर्टमध्ये या दोन्हींत फरकच केलेला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. माणूस एकाच औषधाच्या जास्त मात्रेनं जातो असं नाही. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक. त्याच्या जोडीला अल्प्राझोलमसारखं बेंझोडायझेपिन आलं की झोपेत श्वास मंदावत जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक, चौकटीतला इशारा पाकिटासोबत छापणं बंधनकारक केलं. त्यात अमिट्रिप्टिलिन आलं की गुंगीत भर पडते, शिवाय यकृतातलं जे विकर ट्रॅमाडॉलवर काम करतं त्याच विकराकडे अमिट्रिप्टिलिनही जातं. आणि मूत्रपिंडं थकलेली असतील तर ट्रॅमाडॉल आणि त्यापासून शरीरात तयार होणारं प्रभावी रसायन, दोन्ही बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या चिठ्ठीवर बरोबर डोस लिहिला, मावशीनं तो इमानानं घेतला, एकही गोळी जास्त घेतली नाही, आणि तरीही ती सकाळी उठली नाही, असं होऊ शकतं.

असं झालं, असं मी म्हणत नाही. मला कळायचा मार्गच बंद झालाय, हे माझं म्हणणं आहे. मांडीच्या शिरेतलं रक्त असतं, त्यात तिन्ही औषधांची मात्रा मोजलेली असती, पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या मोजलेल्या असत्या आणि क्रिएटिनिनचा कागद फॉर्मला जोडलेला असता, तर एखाद्या जाणत्या डॉक्टरला ‘नेहमीच्या डोसशी जुळतं’ किंवा ‘एकदम खूप घेतल्यासारखं दिसतं’ एवढं तरी सांगता आलं असतं. नुसता आकडाही पुरत नाही, हे कबूल. कॅन्सरचा रुग्ण ज्या मात्रेवर चालतो-बोलतो, त्या मात्रेत नवखा माणूस दगावू शकतो. म्हणून तर आकडा आणि माणसाची कहाणी दोन्ही लागतात. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. तिच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा होता. आत्महत्येला ती भरपाई मिळत नाही. ‘विषबाधा’ शब्द वाचून बँकेनं ती फाइल बाजूला ठेवली, ती आजही तिथेच आहे.

आकड्यानं काय होतं

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. मूत्रपिंडं निकामी होत होती आणि सुरुवातीला कारण उमगत नव्हतं. शेवटी तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्यानं तिथेच तयार झालेलं ते सिरप तपासलं आणि एक आकडा सांगितला : ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल. या रसायनाची चालवून घेतली जाणारी मर्यादा ०.१ टक्का आहे.

आता कल्पना करा, त्या रिपोर्टमध्ये ‘डायएथिलीन ग्लायकॉल आढळले’ एवढंच लिहिलं असतं तर? कंपनीच्या वकिलानं म्हटलं असतं, थोडंफार तर कायदाच चालवून घेतो. ०.१ आणि ४८.६ यांच्यामधल्या अंतरात सगळा गुन्हा आहे, आणि ते अंतर फक्त मोजणी दाखवते.

हेच रसायन १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं निघालं होतं. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, औषध खरेदीपासून परवान्यांपर्यंतची सगळी घाण बाहेर आली, राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यानंतर ३९ वर्षांनी पुन्हा तेच रसायन, पुन्हा औषधाच्या बाटलीत.

भेसळ झाली, मुलं गेली, की निदान आरडाओरडा तरी होतो. चांगल्या कंपनीचं, चांगल्या प्रतीचं औषध हळूहळू माणसं मारतं तेव्हा तोही होत नाही. तिथे मोजणीशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. ब्रिटनमध्ये को-प्रॉक्सॅमॉल नावाची वेदनाशामक गोळी होती : पॅरासिटामॉल आणि डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन. घरोघरी चालायची. तिथे संशयास्पद मृत्यूंची चौकशी कॉरोनर करतो, विषचाचणी होते आणि कुठल्या औषधानं मृत्यू झाला हे नावानिशी नोंदलं जातं. या नोंदींची बेरीज केली तेव्हा दिसलं की एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये या एका गोळीनं वर्षाला ३०० ते ४०० माणसं जातायत, आणि त्यातले साधारण पाचातला एक मृत्यू अपघाती. २००५ च्या जानेवारीत ती गोळी टप्प्याटप्प्यानं मागे घ्यायचं जाहीर झालं, २००७ अखेर ती गेली. त्या गोळीचे मृत्यू घसरले, आणि त्याची भरपाई दुसऱ्या वेदनाशामकांच्या मृत्यूंनी झाली नाही. जी माणसं वाचली त्यांना आपण वाचलो हे माहीतही नाही.

त्यातलं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन आपल्याकडेही विकलं जायचं, पप्पांनी वर्षानुवर्षं विकलंय. भारतात त्यावर बंदी आली २०१३ साली. त्याआधी आपल्याकडे त्यानं किती माणसं गेली? विचारून बघा कुणाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आत्महत्येच्या साधनांमध्ये ‘झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक’ असा एक रकाना असतो. कुठल्या गोळ्या, ते नाही. ज्याची मोजणीच नाही, त्यावर बंदी घाला किंवा घालू नका असं कोण कशाच्या आधारावर म्हणणार?

सबबी

गेल्या दोन वर्षांत मी बऱ्याच लोकांशी बोलले. उत्तरं ठरलेली असतात.

“प्रयोगशाळांवर भार फार आहे.” आहेच. दारूबंदीचे नमुने, अपघातातल्या चालकांचं रक्त, अमली पदार्थ, खून, सगळं तिथेच येऊन पडतं. तिथल्या मंडळींवर माझा राग नाही. पण ‘औषधे : माहीत नाही’ असा फॉर्म पाठवून त्यांना अंधारात सुई शोधायला लावलं की भार वाढतो. तीन औषधांची नावं लिहून पाठवली की तीनच गोष्टी आधी बघायच्या असतात. फॉर्म नीट भरायला नवीन इमारत लागत नाही, पेन लागतं.

“कोर्टाला एवढं पुरतं.” कोर्टाला पुरतं, कारण कायद्यानं तशी सोय आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. वेळ वाचावा म्हणून केलेली ही सोय वाजवी आहे. पण त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याला ‘किती?’ असं समोरासमोर विचारायची वेळ फारशी येत नाही. आणि मावशीचं प्रकरण कोर्टात जाणारच नव्हतं. तिचा रिपोर्ट वाचणारे होते तिचा मुलगा, तिची सून, बँकेचा अधिकारी आणि गाव. यातल्या कुणासाठीच तो लिहिलेला नव्हता.

“वय झालं होतं, गेल्या. गेलेलं माणूस परत येतं का?” हे वाक्य प्रेमानं म्हणतात, म्हणून त्याला उत्तर देणं सगळ्यांत जड जातं. हॅरॉल्ड शिपमन हा इंग्लंडमधला डॉक्टर होता, मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला, पेशंटचा लाडका. जून १९९८ मध्ये ८१ वर्षांची एक बाई गेली आणि यानं दाखल्यावर कारण लिहिलं, म्हातारपण. तिच्या नावाचं बनावट मृत्युपत्र उघडकीला आलं नसतं तर कुणी पुढे बघितलंही नसतं. प्रेत उकरून काढलं तेव्हा त्यात मॉर्फीन निघालं. जानेवारी २००० मध्ये त्याला १५ खुनांसाठी शिक्षा झाली, नंतरच्या चौकशी आयोगानं बळींचा आकडा २१५ धरला. वर्षानुवर्षं त्याच्या आड उभा होता तो एकच शब्द, ‘म्हातारपण’. आपल्याकडे असा राक्षस आहे, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे राक्षसाची गरजच नाही. तीन भले डॉक्टर, एकमेकांच्या चिठ्ठ्या न बघणारे, आणि एक मेडिकलवाली, एवढं पुरतं.

माझा हिशोब

ती मेडिकलवाली मी.

ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलम दोन्ही शेड्यूल एच-१ मध्ये येतात. २०१४ पासून नियम आहे : अशी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि वही तीन वर्षं जपायची. आमच्याकडे वही आहे. ती रात्री दुकान बंद करताना, आठवेल तशी भरली जायची. मावशी जायच्या चार दिवस आधी आली होती. जुनी चिठ्ठी दाखवून म्हणाली, “अगं, तेवढी गुडघ्याची दे, डॉक्टरकडं जायला या आठवड्यात जमंना.” मी दिली. घरचं माणूस, चिठ्ठी कसली बघायची? झोपेची गोळी ती दुसऱ्या दुकानातून घेते हे मला माहीत होतं. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. काउंटरवर मला ते सुचलं नाही. त्या विक्रीची वहीत नोंदही नाही.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये. मी इतरांकडे जे मागतेय ते आधी मला लागू आहे, म्हणून लिहितेय. आता आमच्या दुकानात पाकीट कापलं तर गोळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर औषधाचं नाव, तारीख मराठीत लिहून देतो. दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते विचारतो. लोक वैतागतात. “तुम्ही डॉक्टर का?” म्हणतात.

आणि मागणी काय आहे? पंचनाम्यात प्रत्येक पाकीट, प्रत्येक चिठ्ठी, उरलेल्या गोळ्यांची संख्या, फोटोसह. शवविच्छेदनात मांडीच्या शिरेतलं रक्त फ्लोराइडमध्ये, वेगळं लेबल लावून. फॉर्मवर आजार आणि औषधं पूर्ण. रिपोर्टमध्ये मात्रा, मोजली नसेल तर ‘मोजली नाही’, शोधलं नसेल तर ‘शोधले नाही’, आणि कुठल्या पद्धतीनं शोधलं ते. अंतिम मत घरच्यांना कळेल अशा मराठीत, ठरलेल्या मुदतीत. आणि दरवर्षी, माणसांची नावं वगळून, कुठल्या औषधानं राज्यात किती मृत्यू झाले याची जाहीर यादी. यातलं एकही विज्ञान अजून शोधायचं राहिलेलं नाही.

शेवटचं एक. पोलीस अकस्मात मृत्यूच्या नोंदीला एडीआर म्हणतात, अ‍ॅक्सिडेंटल डेथ रिपोर्ट. आम्ही फार्मसीत एडीआर म्हणतो ते वेगळं : अ‍ॅडव्हर्स ड्रग रिअ‍ॅक्शन, औषधाचा दुष्परिणाम. त्याच्या नोंदीसाठी देशात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम आहे, आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून तो चालतो. डॉक्टर, फार्मासिस्ट, रुग्ण, कुणीही फॉर्म भरू शकतं. नुसता संशय पुरतो, सिद्ध करावं लागत नाही. मावशीचा पहिला एडीआर पोलीस ठाण्यात होता. तो तिथून दुसऱ्या एडीआरकडे जावा असं कुणाच्याच कामात बसत नाही. एका खोलीत मृत्यू नोंदला जातो, दुसऱ्या खोलीत औषध, आणि मध्ये दार नाही.

म्हणून तो फॉर्म मी भरला. तुमच्या घरात असं घडलं असेल तर तुम्हीही भरा, उशिरा का होईना. संशयित औषधं : तीन. सोबतचे आजार : लिहिले. परिणाम : मृत्यू. प्रयोगशाळेच्या तपासण्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘आढळले. किती ते मोजलेले नाही.’ आणि ‘औषध कुठून घेतले’ असा रकाना त्यात नव्हता, तरी खाली कोऱ्या जागेत मी आमच्या दुकानाचं नाव लिहिलं.